शर्यतीची फळी निवडताना



मागच्या महिन्यात खाडीकाठच्या एका बचत गटाचं पत्र आलं. गटातल्या एका ताईंची सतरा वर्षांची मुलगी उभ्यानं वल्हवायच्या फळीवर, म्हणजे पॅडलबोर्डवर, चांगली तरबेज झाली आहे. पाहुण्यांना फिरवायला आणलेल्या रुंद फळीवरच ती शिकली. आता तिला शर्यतीत उतरायचं आहे. गट तिच्या पाठीशी आहे, थोडी शिल्लक आहे, थोडं कर्ज काढायची तयारी आहे. पत्रात शेवटी लिहिलंय, "ताई, सगळ्यात वेगानं जाणारी फळी कोणती तेवढं सांगा, आम्ही ती घेऊ."

सगळ्यात वेगवान फळी कोणती, हे सांगायला मला एक मिनिट पुरेल. चौदा फूट लांब, एकवीस-बावीस इंच रुंद, कार्बनची. पण ती घेऊ नका, हे सांगायला मात्र सगळा कार्यक्रम लागेल.

कारण हीच चूक मी केलेली आहे. डोंबिवलीत राहते मी. कुणाकडून तरी वापरलेली बावीस इंचांची फळी स्वस्तात मिळाली, आणि स्वस्त मिळतंय म्हणून घेतली. पहिल्या दिवशी तिच्यावर पाच मिनिटंही सलग उभी राहिले नाही. दोन महिने पाय थरथरत होते. माझ्यापेक्षा हळू वल्हवणाऱ्या बाया रुंद फळीवरून मला मागे टाकून जायच्या. शेवटी घेतली त्यापेक्षा कमी पैशात विकली. माझे एकटीचे पैसे होते म्हणून चाललं. तुमचे तर दहा-बारा जणींचे आहेत.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या लांब पाटासारखी फळी, आत हलका फोम नाहीतर दाबून भरलेली हवा. तिच्यावर उभं राहायचं आणि एका लांब वल्ह्यानं पाणी मागे सारायचं. खेळ हवाई बेटांवरून जगभर पसरला. 2019 मध्ये चीनमधल्या चिंगदाओ इथं आंतरराष्ट्रीय कनू महासंघानं याची पहिली जागतिक स्पर्धा घेतली. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर इंडिया पॅडल फेस्टिव्हल भरला, त्यात परदेशातले शर्यतपटूही आले होते. देशात अनेकदा पहिला आलेला शेखर पच्चाई हा चेन्नईजवळच्या कोवलम या मासेमारांच्या गावचा. तेव्हा हा खेळ फक्त शहरातल्या पैसेवाल्यांचा, असं समजायचं कारण नाही. आणि बायकांना वल्हं नवं नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया 2017 पासून होडीनं पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हवून.

आता फळीचं गणित. तुम्ही आकडेमोडीला घाबरणाऱ्यातल्या नाही, महिन्याचे हप्ते लिहिता, तेव्हा थोडे आकडे सांगतेच.

पहिली गोष्ट लांबी. फळी पुढे जाते तेव्हा नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांबत जाते. लाट फळीपेक्षा लांब होऊ लागली, की फळीचं मागचं टोक लाटेच्या खळग्यात बसतं आणि पुढचं वर उचललं जातं. मग आपण सपाट पाण्यावर नसतोच, सतत आपल्याच लाटेचा चढ चढत असतो. भरली बैलगाडी घाटाला लागावी तसं होतं, जोर वाढवला तरी गाडी रेटत नाही. लांब फळीला हा चढ उशिरा लागतो. ढोबळ हिशेबानं साडेदहा फुटी फळीला तो ताशी 8 किलोमीटरच्या सुमारास लागतो, साडेबारा फुटीला पावणेनऊच्या, आणि चौदा फुटीला सव्वानऊच्या पुढे. अरुंद, हलकी फळी हा चढ थोडाफार ओलांडते, पण त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते. म्हणून शर्यतीच्या फळ्या लांब असतात. बहुतेक मोठ्या शर्यतींत 14 फुटांच्या वर परवानगी नसते, नाहीतर लोकांनी अजून लांब केल्या असत्या.

पण यात एक मेख आहे. तुमची मुलगी आज ताशी सहा-साडेसहा किलोमीटरनं जात असेल, तर ती या चढापाशी पोचलेलीच नाही. साडेबारा आणि चौदा फुटांमधला फरक तिला आज जवळपास कळणार नाही. लांब फळी सरळ जाते, दोन वल्ह्यांच्या मध्ये जास्त घसरते, एवढा फायदा मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो. आधी ती पाच किलोमीटर किती वेळात जाते ते घड्याळ लावून बघा. पंचेचाळीस मिनिटं लागत असतील तर लांबीसाठी जादा पैसे मोजायची घाई नको.

आणखी एक हिशेब कडू आहे, पण खरा आहे. पाण्यात वेग एक दशांशानं वाढवायचा तर जोर साधारण एक तृतीयांशानं जास्त लागतो. म्हणजे नुसती फळी बदलून कुणी दहाव्या नंबरावरून पहिली येत नाही.

दुसरी गोष्ट रुंदी, आणि खरी फसगत इथंच होते. अरुंद फळी पाण्याला कमी अडते. वल्हं फळीच्या जवळून उभं जातं म्हणून जोरही सरळ लागतो. दुकानदार एवढंच सांगतो. तो सांगत नाही ते असं, की फळीचा स्थिरपणा रुंदीच्या प्रमाणात कमी होत नाही, रुंदीच्या घनाच्या प्रमाणात होतो. घन म्हणजे तोच आकडा तीनदा मांडून एकमेकांशी गुणायचा. लांबी तीच ठेवून तीस इंचांची फळी चोवीसवर आणली, म्हणजे रुंदी फक्त पाचव्या हिश्शानं कमी केली, तर स्थिरपणा जवळपास निम्मा होतो. बावीसवर आणलीत तर पाचांत दोन हिस्से उरतो. आणि वेग? तो काही दुप्पट होत नाही. थोडाच वाढतो, तोही तुम्ही सगळा जोर वल्ह्यात घालू शकलात तर. डुगडुगत्या फळीवर निम्मा जोर पायांत, कंबरेत आणि भीतीत जातो.

हे सगळं मला बावीस इंचांनी शिकवलं. पडलं, की पुन्हा चढून, उभं राहून, वेग धरेपर्यंत पंधरा-वीस सेकंद तरी जातात, दम जातो तो वेगळाच. शर्यतीत दोनदा पडलं तर अरुंद फळीनं कमावलेलं सगळं गेलं. न पडताही नुकसान होतं. पडायची भीती असली की बाई वल्हं पुढे लांब टाकत नाही, पायाजवळच खुपसते आणि अर्धवट ओढते. काठावरच्यांना वाटतं, हिच्यात ताकद नाही.

मग किती रुंद घ्यावी? पाहुण्यांच्या फळ्या साधारण तीस ते चौतीस इंचांच्या असतात. पन्नास-पंचावन्न किलोची मुलगी रुंद फळीवर निर्धास्त असेल, तर तिला पहिली शर्यतीची फळी पंचवीस-सव्वीस इंचांची. वर्षभर तिच्यावर उलटसुलट पाण्यात न पडता जाता आलं, की मग चोवीस. बावीस-एकवीस हा रोज सराव करणाऱ्या, प्रशिक्षक असलेल्या शर्यतपटूंचा प्रांत. नुसत्या इंचावरही जाऊ नका. दोन फळ्या पंचवीसच्याच असतील, पण एकीची रुंदी टोकापर्यंत पुरवलेली असते आणि दुसरी फक्त मधोमध फुगीर असते. दुसरी जास्त डुलते.

तिसरी गोष्ट पोट, म्हणजे फळी किती लिटरची आहे. एक लिटर साधारण एक किलो वजन तोलून धरतं. शर्यतीच्या चौदा फुटी फळ्या बऱ्याचदा अडीचशे ते तीनशे लिटरच्या असतात, कारण त्या ऐंशी-नव्वद किलोच्या पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या असतात. पन्नास किलोची मुलगी त्यावर उभी राहिली की फळी पाण्यात पुरेशी बसतच नाही, वर तरंगते. जितकं उंच उभं राहाल तितकं डुलाल, आणि आडवा वारा सुटला की तो फळीला पानासारखं ढकलतो. हलक्या बाईनं त्याच लांबीत कमी लिटरची फळी मागावी, किंवा सरळ साडेबारा फुटी बघावी. काही फळ्यांत उभं राहायची जागा परातीसारखी खोलगट असते, तिथं पाय पाण्याच्या पातळीजवळ येतात. अरुंद फळी त्यामुळे जरा आटोक्यात येते. मात्र आत पाणी साचतं, निचऱ्याची भोकं मोकळी आहेत ना ते बघायचं.

चौथी गोष्ट, पाणी कोणतं? नेदरलँड्समध्ये अकरा गावं जोडणारी पाच दिवसांची, 220 किलोमीटरची पॅडलबोर्ड शर्यत होते, बहुतेक कालव्यांच्या सपाट पाण्यात. तिथं पुढचं टोक सुरीसारखं, तळ होडीच्या पोटासारखा, अशी फळी पाणी कापत जाते. समुद्रात, जिथं लाटा मागून उचलतात, तिथं हीच फळी नाक खुपसते. तिथं पुढून वर वळलेली, तळाला जरा चपटी लागते. खाडीत सराव आणि कधी समुद्रात शर्यत असेल तर दोन्हीच्या मधली घ्या. ज्या शर्यतीत उतरायचंय तिच्या आयोजकांना आधी विचारा, की लांबीचा गट कोणता, हवेच्या फळ्यांचा गट वेगळा आहे का. फळी घेऊन झाल्यावर हा प्रश्न विचारलेले लोक मला भेटलेले आहेत.

आता हवेची की टणक? टणक फळी वेगवान, यात वाद नाही. ती वाकत नाही. पण चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. डोंबिवलीत आमच्या घरात दहा बाय दहाची खोली, ती फळी तिथं तिरकी घातली तरी मावत नाही. लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर अडते, आणि लोकलमध्ये न्यायचा तर विचारही नको. हवेची फळी गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत बसते, गर्दीची वेळ टाळली तर मालडब्यातून नेता येते. गावात तुमच्याकडे पडवी असेल, ओटा असेल, तर टणक फळी ठेवायला अडचण नाही, पण मंगळुरूला शर्यतीला कशी न्याल, तेही ठरवून ठेवा. दरवेळी टेम्पो करायचा तर दोन-तीन वर्षांत फळीच्या किमतीएवढं भाडं होईल.

हवेची घ्यायची तर जाडी आणि दाब बघा. दाब फळीवर लिहिलेला असतो, साधारण पंधरा पौंडांपासून वर. स्वस्त पंपानं दहा-बारापर्यंत भरून बाया दमतात आणि "झाली कडक" म्हणतात. तशी फळी मध्ये वाकते, केळीच्या पानासारखी, आणि वाकलेली फळी पाणी खेचत नेते. पूर्ण दाबानं भरून दोन्ही टोकांखाली बाकडी ठेवा, मधोमध हलकेच उभ्या राहा. खाली झोळ पडला तर ती शर्यतीची नाही, दुकानदार काहीही म्हणो.

तळाला मागे एक पंख असतो, फिन म्हणतात. तो फळी सरळ ठेवतो. आमच्या उल्हास नदीत वरच्या अंगाला जलपर्णी माजते, तिचे पुंजके खाली वाहत येतात. सरळ उभ्या फिनला त्यांची मुळं गुंडाळली, की कुणीतरी मागून पदर धरून ओढल्यासारखी फळी अडते. बाईला वाटतं आपण दमलो. अशा पाण्यासाठी मागे कललेला फिन मिळतो, त्यावरून गवत सरकून जातं. फळीच्या मानानं किंमत फार नाही. वेग वाढवायचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

त्याखालोखाल वल्हं. अ‍ॅल्युमिनियमचं वल्हं किलोच्या आसपास भरतं, कार्बनचं अर्ध्या किलोच्या. पाच किलोमीटरला चाळीस मिनिटं धरा, मिनिटाला पंचेचाळीस वेळा वल्हं उचललं, म्हणजे अठराशे वेळा. दरवेळी अर्धा किलो जास्त, म्हणजे नऊशे किलो. नऊ क्विंटल! लग्नात फळी मोठी घेतात आणि वल्हं फुकट आलेलं वापरतात, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. मी त्याच्या उलट करा म्हणते. आधी चांगलं वल्हं घ्या, ते आत्ताच्या रुंद फळीवरही चालेल. लांबी आपल्या उंचीपेक्षा साधारण एक वीत जास्त. पातं फार मोठं नको, खांदा धरतो. पात्याचा कल पुढच्या दिशेला हवा. पुष्कळ जणी ते उलटं धरतात, मीसुद्धा धरलं होतं.

पैसे देण्यापूर्वी फळी पाण्यात घालून बघा. हे जमणार नसेल तर व्यवहारच करू नका. दोनशे मीटरच्या अंतरावर दोन खुणा करा. मुलीनं जाताना आणि येताना, दोन्ही वेळा घड्याळ लावायचं, म्हणजे प्रवाहाचा फायदा-तोटा बराचसा फिटतो. अशा पाच-सहा फेऱ्या मारायच्या, पहिली फेरी मोजायची नाही. शेवटच्या फेरीची वेळ खरी, कारण शर्यत दमलेल्या पायांनीच संपवायची असते. पहिल्या फेरीत वेगवान आणि शेवटच्या फेरीत पडलेली, अशी फळी परत करा. आपल्या जुन्या रुंद फळीवरही त्याच दिवशी तेवढ्याच फेऱ्या मारून बघा, कधीकधी फरक चार-पाच सेकंदांचाच निघतो.

वापरलेली फळी घेत असाल तर एक वजनकाटा मिळवा. फळीचं मूळ वजन तिच्यावर किंवा तिच्या पत्रकात असतं. दीड-दोन किलो जास्त भरली तर आत पाणी शिरलंय असं समजा. अंगठ्यानं सगळा वरचा भाग दाबत जा, कुठं मऊ लागतं का. फिन बसतो त्या खाचेभोवती तडा आहे का बघा. हवेची असेल तर पूर्ण भरून रात्रभर ठेवा, सकाळी दाब पुन्हा मोजा, आणि शिवणींवर साबणाचं पाणी लावा, जशी सायकलची ट्यूब बघतो तशी.

आता जागेविषयी. डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदराकडे गेलात की समोर खाडी पसरलेली दिसते. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून आलेलं हे पाणी, पलीकडे माणकोली. लांब, सरळ, सराव करायला मोह पडावा असं. पण या पाण्यात सांडपाणी आहे, कारखान्यांचं पाणी आहे. अरुंद फळीवर शिकणं म्हणजे दिवसाला वीस वेळा पडणं, आणि इथं वीस वेळा पडून चालणार नाही. पायाला जखम असताना तर अजिबात उतरू नये, पावसात लेप्टोची भीती असते. तुमच्या गावचं पाणी स्वच्छ असेल तर शहरातल्या मुलींकडे नाही अशी गोष्ट तुमच्या मुलीकडे आहे. घाण पाण्यात सराव करायची वेळ आलीच, तर दोन इंच जास्त रुंद फळी, हा माझा नियम.

खाडीत भरती-ओहोटीचं भान तुम्हाला मी शिकवायला नको. सुरुवातीचे दिवस अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीचे निवडा, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचे नकोत. जाताना प्रवाहाविरुद्ध जा, येताना त्याच्यासोबत. लाइफ जॅकेट घट्ट बांधून. फळीला जोडणारी दोरी, लीश, समुद्रात पायाला ठीक. पण वाहत्या पाण्यात, जिथं मासेमारीच्या खुंट्या, जाळी, झाडांच्या फांद्या असतात, तिथं पायाची दोरी अडकली की पाणी माणसाला खाली दाबून धरतं. तिथं कंबरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी लीशच हवी. एकटीनं जायचं नाही.

तर पत्र पाठवणाऱ्या गटाला माझं उत्तर. कर्ज काढून चौदा फुटी कार्बनची फळी आत्ता घेऊ नका. ती फक्त एकीच्या उपयोगाची, पाहुण्याला देता येणार नाही, आणि तीच मुलगी उद्या कॉलेजला दुसऱ्या गावी गेली तर ती पडवीत पडून राहील, हप्ता मात्र चालू. शिल्लक पैशातून तिच्या मापाचं हलकं वल्हं आणि सुटणारी लीश आधी घ्या. या हंगामात तिनं जुन्याच फळीवर पाच किलोमीटरची वेळ दर पंधरा दिवसांनी वहीत लिहावी. वेळ कमी होत होत थांबली, म्हणजे आता फळी तिला अडवते आहे. तेव्हा साडेबारा फुटी, पंचवीस-सव्वीस इंचांची, शक्य तर वापरलेली आणि पाण्यात घालून पाहिलेली फळी घ्या. तिच्यावर गटातल्या आणखी दोघी-तिघी उभ्या राहू शकतील, आणि नको झाली तर विकली जाईल. पाहुण्यांसाठी पाण्यात खेळ चालवत असाल तर मेरीटाईम बोर्डाची परवानगी आहे ना, तेही एकदा तपासा, आणि पावसाळ्याचे महिने कमाईत धरू नका.

फळी घरी आली की एक करा. उन्हात पालथी टाकून जेवायला जाऊ नका. हवेची असेल तर आतली हवा तापून फुगते आणि शिवण उसवते. टणक असेल तर वरचा थर सुटून फोड येतात. सावलीत, जमिनीपासून वर, दोन जुन्या टायरांवर आडवी ठेवा. हवेच्या फळीचा दाब दुपारी थोडा सोडून संध्याकाळी पुन्हा भरा. पंप गटातल्या कुणाच्या घरी आहे ते मात्र सगळ्यांना माहीत असू द्या.